पाकटाचा काटा आणि एक लिटरचा थर्मास: तीन विसर्जनांनंतरचं माझं मत

हा अभिप्राय एक लिटरच्या स्टीलच्या थर्मासचा आहे. त्यात मी आजवर एकदाही चहा भरलेला नाही. दर गणपतीत दीड दिवसाच्या विसर्जनाला तो माझ्याबरोबर गिरगाव चौपाटीवर येतो, त्यात उकळतं पाणी असतं आणि ते पाणी पाकट नावाच्या माशाचा काटा लागलेल्या पायासाठी राखून ठेवलेलं असतं. २०२३ पासून तीन विसर्जनं झाली. एकदा तो चौपाटीवर वापरावा लागला, एकदा जुहूला जेलीफिशसाठी. त्याच्याबरोबर घेतलेल्या इतर वस्तूंबद्दलही लिहिते, कारण त्यातल्या दोन-तीन वस्तूंवर माझे पैसे वाया गेले.

मी एका शाळेत ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. त्यामुळे वस्तू घेतली की मोजून बघायची सवय आहे. इथले आकडे माझ्या ओट्यावर घड्याळ आणि थर्मामीटर ठेवून घेतलेले आहेत.

आधी हे खूळ डोक्यात शिरलं कसं ते सांगते. कोरोनाची दोन वर्षं घरचे गणपती कृत्रिम तलावात दिल्यावर २०२२ मध्ये आमची चाळ पुन्हा समुद्रावर गेली. माझा भाचा, तेव्हा बावीस वर्षांचा, पाट डोक्यावर घेऊन कंबरभर पाण्यात गेला. तीन बुडक्या देऊन वळला आणि किंचाळला. आम्हाला वाटलं काच लागली. दोघांनी खांद्यावर घेऊन बाहेर आणला. घोट्याच्या जरा खाली बोटाच्या पेराएवढी चीर होती, कडा पांढरट-निळसर पडलेल्या आणि रक्त वाहतंय. जखम बघून कोणी म्हणालं असतं, एवढ्याशा कापण्याला काय ओरडतोय. पण तो वाळूवर अक्षरशः लोळत होता. दुखणं पायातून मांडीपर्यंत चढतंय म्हणत होता, घाम फुटला होता, दात वाजत होते.

मग गर्दीत जे होतं तेच झालं. एकाने सरबतवाल्याकडून बर्फ आणून घोट्यावर धरला. एकाने गुडघ्याखाली रुमाल करकचून आवळला. एक जण लघवी करा म्हणाला, तो अगदी कळवळून सांगत होता. चिमट्याने आत काही आहे का ते बघू, असंही कोणी म्हणालं. मी तिथेच उभी होते आणि मला यातलं काय बरोबर, काय चूक, काही ठाऊक नव्हतं. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत जन्म गेला आणि भाच्याच्या पायाशी बसून मी नुसती त्याच्या कपाळावर हात फिरवत होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

मिरवणुकांतून वाट काढत रुग्णालयात पोचायला पन्नास मिनिटं लागली. तिथल्या सिस्टरने जखम बघितली, "पाकट," एवढंच म्हणाली, बादलीत गरम पाणी घेतलं, स्वतःचा हात घालून बघितला आणि त्याचा पाय त्यात ठेवला. दहा मिनिटांत पोराचा श्वास जाग्यावर आला. "मावशी, उतरतंय," म्हणाला. सिस्टर मला म्हणाली, "याचं विष प्रथिनाचं असतं बाई, गरम पाण्यात मोडतं. हे चौपाटीवरच मिळालं असतं तर एवढा वेळ तळमळला नसता." पुढे जखम धुणं, आत काट्याचा तुकडा राहिलाय का हे बघायला एक्स-रे, धनुर्वाताचं इंजेक्शन, प्रतिजैविकं, सगळं झालं. जखम भरायला तीन आठवडे गेले. पण माझ्या डोक्यात ते एकच वाक्य राहिलं. चौपाटीवर गरम पाणी हवं.

ज्यांना पाकट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. इंग्रजीत याला स्टिंग रे म्हणतात. सुपासारखं चपटं अंग, लांब चाबकासारखी शेपटी, आणि शेपटीवर एक काटा. करवतीसारखे दाते, तेही उलट्या दिशेने, म्हणजे आत जाताना सहज जातो आणि बाहेर येताना मांस फाडत येतो. काट्यावर पातळ कातडीचं आवरण असतं, त्यात विष. मासा उथळ पाण्यात वाळू अंगावर घेऊन पडून असतो. तो माणसाच्या मागे लागत नाही. आपला पाय त्याच्या पाठीवर पडला की शेपटी वर उचलून मारतो, स्वतःला सोडवायला. आमच्याकडे येणाऱ्या कोळीणमावशी सांगतात की जाळ्यात पाकट आला की आधी शेपटी तोडायची आणि मग बाकीचं बघायचं. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्याच विसर्जनाला कित्येक जणांना असे काटे लागले होते, ते गिरगावकरांना आठवत असेल. तेव्हापासून विसर्जनाआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या आणि महापालिकेच्या सूचना येतात: अनवाणी पाण्यात जाऊ नका, लहान मुलांना नेऊ नका, गमबूट घाला. भाद्रपदात हे मासे किनाऱ्याजवळ असतात आणि आपणही नेमके तेव्हाच हजारोंनी पाण्यात उतरतो.

"शेपटी वर उचलून" हे शब्द लक्षात ठेवा. सगळी खरेदी तिथे अडकते.

२०२३ च्या गणपतीआधी मी पहिल्यांदा घेतले ते पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट, ज्यांना दुकानदार वॉटर शूज म्हणतात. चार जोड, प्रत्येकी ४५० रुपये. तळवा छान आहे. शिंपले, काच, नारळाच्या करवंट्या, मूर्तींच्या खिळ्या यांच्यापासून पाय वाचतो. पण वरचा भाग मोज्यासारखा ताणला जाणारा कापडी. पाकट पायाखालून मारत नाही, वरून किंवा बाजूने मारतो. पावलाच्या वरच्या अंगावर, घोट्यावर, पोटरीवर. भाच्याला लागलं ती जागा या बुटाच्या वर होती. जाड बुटातूनही काटा आरपार जाऊ शकतो, मग या कापडाची काय कथा. काचेसाठी घ्या, जरूर घ्या. पाकटासाठी घेतले असं मनात धरून बेफिकीर होऊ नका.

गमबूट दोन जोड घेतले, ३८० रुपयांचे, गुडघ्याच्या जरा खालपर्यंतचे. घोटाभर पाण्यात उभं राहून निर्माल्य गोळा करणाऱ्यांना हे खरोखर उपयोगी आहेत आणि आमच्या चाळीतल्या दोघी तेच घालतात. मात्र पाणी गुडघ्याच्या वर गेलं की बूट भरतो. भरलेला गमबूट घेऊन लाटेत पाय उचलणं फार कठीण आहे, आणि डोक्यावर मूर्ती असताना तर धोक्याचंच. माझ्या धाकट्या दिरांनी पहिल्या वर्षी घालून बघितले आणि लाट आली तेव्हा ते पडता पडता वाचले. पाण्यात जाणाऱ्यांनी घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

फुकटचा उपाय या दोन्हींपेक्षा चांगला निघाला. पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूवरून सरकवत न्यायचं. आमच्या माहेरी, गुहागरकडे, अंगणात भात वाळत घातलं की आई दर तासाने त्यातून पाय घासत फिरायची, भातात नांगरल्यासारख्या रेघा पडायच्या. तसंच चालायचं. वाळू हलली की पाकटाला आधीच कळतं आणि तो निघून जातो. आणि सरकवत नेलेला पाय त्याच्या कडेला लागतो, पाठीवर दाब पडत नाही. चाळीतल्या पोरांना मी गच्चीवर हे चालायला लावलं. बाहेर येतानाही तसंच यायचं, कारण मूर्ती सोडल्यावर मन मोकळं होतं आणि लोक ढांगा टाकत किनाऱ्याकडे निघतात. भाच्याला वळतानाच लागलं होतं.

आता थर्मास.

तांबाकाट्याला, मुंबईच्या भांडी बाजारात, घेतला, एक लिटर, दुहेरी भिंतीचा, मधे निर्वात. ८९० रुपये. ब्रँड लिहीत नाही कारण दुसरा थर्मास वेगळ्या कंपनीचा घेतला आणि दोघांत दोन अंशांचा फरक निघाला, म्हणजे फरक नाहीच. दुकानदाराने विचारलं, चहा किती जणांचा? मी सगळं सांगितलं. त्यांनी मी उचललेला थर्मास परत ठेवून दुसरा काढला. पहिल्याला बटण दाबून ओतायचं झाकण होतं. ते म्हणाले, "ताई, याने पाणी बारीक धारेनं येईल, घाईत उपयोगाचं नाही. रुंद तोंडाचा घ्या, पूर्ण झाकण निघणारा." हा सल्ला लाखमोलाचा ठरला. दुसरा थर्मास मी ऑनलाइन मागवला, त्याला बटणाचं झाकण आलं, आणि एक लिटर रिकामा करायला त्याला दीड मिनिटाच्या वर लागतं. शिवाय त्याच्या झाकणातून आडवा ठेवल्यावर थेंब गळतात. उकळत्या पाण्याची पिशवी खांद्याला लावून गर्दीत फिरणाऱ्याने याचा विचार करावा.

घरी चाचणी केली. आधी थर्मासात उकळतं पाणी घालून पाच मिनिटांनी फेकलं, म्हणजे आतला स्टील तापतो. मग काठोकाठ उकळतं पाणी भरलं, दुपारी दोनला. पाचला उघडून बघितलं तर ८८ अंश, रात्री आठला ८१, अकराला ७५. आधी न तापवता भरलं तेव्हा प्रत्येक वेळी तीन-चार अंश कमी. अर्धा भरलेला थर्मास फार लवकर निवतो, म्हणून वाटलं तरी थोडंसं पाणी काढून चहा करू नये. आमच्या चाळीत हे एकदा झालं. तेव्हापासून दोन्ही थर्मासना लाल पट्टी गुंडाळून वर "पाकट" लिहिलंय.

पायासाठी पाणी लागतं ते सुमारे ४५ अंशांचं. त्यापेक्षा जास्त झालं तर भाजतं. इथे हिशेब करावाच लागतो. सप्टेंबरात चौपाटीचं पाणी माझ्या थर्मामीटरला २८ दाखवतं. रात्री आठच्या ८१ अंशांच्या एका तांब्यात समुद्राचे दोन तांबे घातले की साधारण पंचेचाळीस-सेहेचाळीस होतं. पण संध्याकाळी पाचला थर्मासात ८८ असतात, तेव्हा एकास दोन घातलं तर ४८ होईल, आणि ते पायाला जास्त आहे. तेव्हा एकास अडीच ते तीन. नुकतं भरलेलं असेल तर एकास तीन. म्हणून मी अडीचशे रुपयांचा सुईसारखा डिजिटल थर्मामीटर पिशवीत ठेवते, काचेचा चौपाटीवर नको. तो नसेल तर ज्याला काही झालेलं नाही त्याने स्वतःचा हात अर्धा मिनिट पाण्यात धरून बघायचं. सोसवेल इतकं गरम, चटका न बसणारं. ज्याचा पाय दुखतोय त्याला विचारू नका. त्या कळांपुढे त्याला गरमाची जाणीव राहत नाही आणि तो "अजून घाला" म्हणतो. माझ्या यजमानांना मधुमेह आहे, त्यांच्या तळव्यांना चटका कळत नाही. अशा माणसाच्या बाबतीत थर्मामीटरशिवाय गरम पाणी वापरू नये. लहान मुलांची कातडी नाजूक, तिथेही दोन अंश खालीच राहावं.

एका लिटरातून असं तीन लिटर पाणी होतं. रंगाच्या १० लिटरच्या रिकाम्या बादलीत मोठ्या माणसाचं पाऊल तिरकं बसतं आणि तीन लिटर घोट्यापर्यंत जेमतेम येतं. घमेल्यात पाणी पसरतं आणि झटकन निवतं, ते नको. मी स्वतःचा पाय घालून बसले: ४५ चं पाणी पंधरा मिनिटांत चाळिसावर आलं. वरून जाड पंचा टाकला तर एक-दोन अंश वाचतात. म्हणजे दर पंधरा मिनिटांनी भर घालायची, साधारण एक मोठा पेला, आणि ती घालताना पाय बाहेर काढायचा. पाय आत असताना ऐंशी अंशांची धार ओतायची नाही. डॉक्टर तीस ते नव्वद मिनिटं पाय बुडवायला सांगतात, वेदना उतरेपर्यंत. तेव्हा एका पायाला एका तासासाठी दोन लिटर. एक थर्मास घेऊन गेलात तर वीस मिनिटांत हात हलवत बसाल. दोन घ्या. हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं, दुसरा नंतर घेतला.

२०२४ मध्ये तो लागला. आमच्यापैकी कोणाला नाही, शेजारच्या गल्लीतल्या मुलाला, सतरा-अठरा वर्षांचा असेल. साडेसातचा सुमार. तीच चीर, तशाच निळसर कडा, तसंच लोळणं. या वेळी मला काय करायचं ते माहीत होतं आणि माझे हात थरथरले नाहीत. आधी समुद्राच्या पाण्याने जखम धुतली. आत काही दिसतंय का बघितलं; काटा रुतलेला दिसत नव्हता. स्वच्छ रुमालाने दाबून रक्त थांबवलं. तोवर दिरांनी बादलीत पाणी तयार केलं, थर्मामीटर घातला, ४४. पाय ठेवला. सहा-सात मिनिटं काहीच फरक नाही, मुलगा माझा हात चुरगाळत होता, मलाही शंका आली. मग त्याचे खांदे खाली आले. बाराव्या मिनिटाला त्याने पाणी मागितलं. त्याची आई तोवर रडत होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी काही बोललो नाही.

गरम पाण्याने काम संपत नाही, हे मात्र मला ठळक सांगायचंय. दुखणं थांबलं की मुलं घरी जायला निघतात. काट्याचा बारीक तुकडा आत राहू शकतो, समुद्राच्या पाण्यातले जंतू जखमेत जातात, आठवड्याने पाय सुजून लाल होतो. त्या मुलालाही आम्ही चौपाटीवरच्या वैद्यकीय कक्षात नेलं, तिथून रुग्णालयात. धनुर्वाताचं इंजेक्शन, जखमेची तपासणी, गरज असेल तर एक्स-रे. त्याच्या बरोबर मी उरलेला थर्मास दिला, गाडीत पाय बुडवायला. दुसऱ्या दिवशी त्याची आई तो घासून, पुसून परत घेऊन आली.

आणि एक. काटा पोटात, छातीत किंवा मानेत घुसला असेल तर बादली, पाणी, चिमटा काही काढू नका. काटा ओढू नका, तो आहे तिथे राहू द्या आणि १०८ ला फोन करा. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे प्राणितज्ज्ञ स्टीव्ह आयर्विन गेले ते छातीत काटा घुसूनच. असं फार क्वचित होतं, पण पाण्यात पोहणारी, वाकणारी पोरं असतात म्हणून लिहिलं. श्वास लागणं, चेहरा-ओठ सुजणं, उलट्या, भोवळ, यातलं काही दिसलं तरी पाय बुडवत बसायचं नाही, निघायचं.

जेलीफिशचा अनुभव जुहूचा. बहीण पार्ल्याला राहते. श्रावणात तिच्या नातीला घेऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो होतो. वाळूत निळ्या फुग्यासारखं काहीतरी पडलं होतं, सुंदर दिसतं ते, पारदर्शक, कडेला जांभळी झाक. पोरीने उचललं. ही ब्ल्यू बॉटल. ती खरं तर जेलीफिशही नाही, एकत्र राहणाऱ्या अनेक जिवांची वसाहत आहे. फुगा वाऱ्यावर तरंगतो, म्हणून नैर्ऋत्य वारे जोरात असले की पावसाळ्यात त्या ढिगाने मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुहू, आक्सा, गिरगाव सगळीकडे त्यांच्या बातम्या होत्या. फुग्याखालचे निळे दोरे डंख करतात, आणि वाळूवर मेलेल्या दिसणाऱ्या ब्ल्यू बॉटलचेही करतात. पोरीच्या मनगटावर मण्यांच्या माळेसारखी लाल रेघ उमटली आणि ती टाहो फोडून रडायला लागली.

इथे चुका करायला फार वाव आहे. त्या दोऱ्यांवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात आणि त्यातल्या बऱ्याच अजून फुटलेल्या नसतात. वाळूने घासलं, टॉवेलने पुसलं की त्या फुटतात आणि डंख वाढतो. लघवीचाही काही उपयोग नाही, वेदना वाढू शकते. मी प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून, चिमट्याने दोरा उचलून काढला, समुद्राच्याच पाण्याने मनगट धुतलं. मग थर्मास. जुहूला थर्मास घेऊन गेलेली मी एकटीच असेन, पण त्या दिवशी तो होता. पंचा ४३ च्या पाण्यात बुडवून मनगटावर, निवला की पुन्हा. वीस मिनिटांत पोर भेळ मागायला लागली.

बर्फ की गरम पाणी, हा वाद ऑस्ट्रेलियात मोजून सोडवलेला आहे. ब्ल्यू बॉटलने डसलेल्या ९६ जणांवर तिथे अभ्यास झाला, २००६ मध्ये तो छापून आला. काहींची डंखाची जागा ४५ अंशांच्या पाण्यात ठेवली, काहींना बर्फाच्या पिशव्या दिल्या. वीस मिनिटांनी गरम पाण्याच्या गटात ८७ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं होतं, बर्फाच्या गटात ३३ टक्क्यांचं. तुलना अशी करायला हवी, हे वाचून मला शाळेतल्या प्रयोगवह्या आठवल्या.

व्हिनेगर मी पिशवीतून काढून टाकलं आहे. पहिल्या वर्षी ४५ रुपयांची बाटली घेतली होती. उत्तर ऑस्ट्रेलियात बॉक्स जेलीफिशच्या डंखावर ते ओततात, कारण त्या जातीच्या न फुटलेल्या दंशपेशी त्याने निकामी होतात. पण त्याच देशात ब्ल्यू बॉटलवर व्हिनेगर लावू नका असं सांगतात. इतर काही संशोधक त्यावरही लावा म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर आपल्याला भेटते ती बहुतेक ब्ल्यू बॉटलच. जिथे जाणकारांचं एकमत नाही ते मी दुसऱ्याच्या लेकराच्या हातावर ओतणार नाही. पाकटाच्या जखमेवर तर व्हिनेगरचं कामच नाही. वेदना थंड करणारे फवारे मिळतात, खेळाडू वापरतात तसे. तेही घेतले होते, ३२० रुपये. गुडघेदुखीला वापरून संपवले.

म्हणजे माझ्या पिशवीत आता काय असतं: दोन थर्मास, बादली आणि तिच्यातच बसणारा तांब्या, थर्मामीटर, चिमटा, दोन जाड पंचे, स्वच्छ रुमाल, चार प्लास्टिकच्या पिशव्या. बादली धरून सगळं वजन पाच किलोच्या आत. कोणी विचारतं, चौपाटीवर चहावाले आहेत की, त्यांच्याकडून पाणी घ्यावं.  विसर्जनाच्या रात्री गर्दीतून चहावाल्यापर्यंत जाऊन उकळतं पाणी हातात घेऊन परत येणं म्हणजे आणखी चार जणांना भाजणं.

थर्मासला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण झाकणाच्या रबरी चकतीचा कापला. खाऱ्या हवेने ती दुसऱ्या वर्षी कडक झाली आणि पाणी निवायचा वेग वाढला. आठला ८१ च्या जागी ७६ आले. ३० रुपयांत नवी चकती मिळाली, पण त्यासाठी मला तांबाकाट्याला तीन दुकानं फिरावी लागली. घेतानाच एक जास्तीची मागून घ्या. वर्षभर माळ्यावर ठेवताना झाकण उघडं ठेवा, नाहीतर आत कोंदट वास येतो, आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एकदा भरून सहा तासांनी मोजा. आमच्या चाळीत हे काम आता भाचा करतो. दुपारी दोनला भरतो, पट्टीवर वेळ लिहितो आणि पाट उचलायच्या आधी पिशवी माझ्या खांद्याला लावतो. खांबापाशी, वैद्यकीय कक्षाच्या डाव्या हाताला, मी लाल पिशवी घेऊन उभी असते. लागलं तर मागा, कुठल्या चाळीचे म्हणून कोणी विचारणार नाही.